डाव्या चाकाचा जोड

माझ्या नोकरीत खून, दरोडे, खंडणी असे सगळे प्रकार येऊन गेले आणि त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक गुन्हा मात्र तसाच्या तसा लक्षात राहिला आहे. त्यात ना हत्यार होतं, ना फरार आरोपी. एक जुनी पांढरी गाडी होती आणि तिच्या ब्रेकच्या नळीचा सैल झालेला एक जोड होता. त्या तपासात मी चुकलो होतो, म्हणूनही तो लक्षात राहिला असेल. इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. त्यातली बहुतेक माणसं आजही ठाणे-डोंबिवलीतच राहतात.

मी तेव्हा निरीक्षक होतो आणि पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास खबर आली की मुंब्रा बायपासच्या उतारावर एक गाडी कठड्याला घासत जाऊन आपटली आहे. आम्ही पोचलो तेव्हा गाडीची डावी बाजू पूर्ण आत दबली होती. चालवणारा तिशीतला माणूस होता, दिव्याला राहणारा, ठाण्यात एका खासगी कंपनीत नोकरीला. शेजारच्या सीटवर त्याची आई बसली होती. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती नेहमी पुढे बसायची. बायको मागे होती. त्या दोघांना खरचटण्यावर निभावलं. आईचा डावा पाय दारात चेंगरला होता.

"साहेब, ब्रेकच नव्हता हो," तो रस्त्यावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. "पॅडल सरळ खाली गेलं. समोर बस उभी होती. मी कठड्यावर घातली गाडी. मी मुद्दाम घातली."

त्याने केलं ते बरोबरच होतं. नाहीतर ती गाडी बसखाली गेली असती. पण संध्याकाळी डॉक्टरांनी आईचा पाय गुडघ्याखालून काढला, तेव्हापासून त्याला ते कुणी पटवून देऊ शकलं नाही.

गाडी सेकंडहँड होती, घेऊन महिनाही झाला नव्हता. घेण्याआधी त्याने ती डोंबिवली पूर्वेच्या एका मेकॅनिककडून तपासून घेतली होती. त्याला मी इथे मिस्त्री म्हणतो. पस्तिशीचा माणूस, मूळचा कल्याणजवळच्या मोहन्याचा. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दोन गाळ्यांचं गॅरेज होतं. डोंबिवलीत त्या काळात कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी विचारलं, 'खात्रीचा मेकॅनिक आहे का कुणाच्या माहितीत?', की पाच मिनिटांत दहा जण त्याचाच नंबर टाकायचे. जुनी गाडी घ्यायची तर लोक मालकाच्या शब्दावर जात नसत, मिस्त्री 'घ्या' म्हणाला की घ्यायचे. या गाडीलाही त्याने 'घ्या' म्हटलं होतं, फक्त ब्रेकचं काम करून घ्यायला सांगितलं होतं. ते काम त्यानेच केलं होतं, अपघाताच्या आठ दिवस आधी, रविवारी.

मंगळवारी सकाळी ठाणे अंमलदाराने पोलीस ठाण्याबाहेरची तक्रार पेटी रोजच्यासारखी उघडली. त्यात एक निनावी अर्ज निघाला. त्याने त्यावर आवक शिक्का मारला, तारीख टाकली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. वेडंवाकडं अक्षर, वहीचा कागद. मजकूर असा होता की, बायपासवर आपटलेली गाडी डोंबिवलीच्या अमुक गॅरेजमधून आली आहे, तो मेकॅनिक भंगारातले पार्ट नवे म्हणून बसवतो, पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक नळीचा जोड त्याने नीट आवळलेला नव्हता, आणि याआधीही त्याच्या दोन गिऱ्हाइकांचे जीव जाता जाता वाचले आहेत. त्या दोघांचे गाडी नंबरही दिले होते.

खबर पक्की असली की पोलिसाला आनंद होतो. मलाही झाला. दोन्ही गाडी मालक सापडले. कल्याणच्या एकाच्या गाडीचे चाकाचे नट रस्त्यात ढिले झाले होते. डोंबिवलीच्या दुसऱ्याच्या इंजिनचं सगळं ऑइल गळून गेलं होतं. दोघांनीही कामं मिस्त्रीकडून करून घेतली होती, आणि तो एवढा चांगला म्हणून तक्रार केली नव्हती. बुधवारी आरटीओच्या निरीक्षकांनी गाडी तपासली. अहवाल आला: पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक नळीचा जोड सैल, ब्रेक ऑइल हळूहळू गळून गेलेलं. अर्जात लिहिलं होतं तंतोतंत तेच. त्याच दुपारी मी मिस्त्रीला अटक केली. निष्काळजीपणाबरोबर फसवणुकीचं कलमही लावलं.

गॅरेजची झडती घेतली तेव्हा एक जाड वही मिळाली. तीत प्रत्येक गाडीपुढे त्याने काय बदललं आणि काय बदललं नाही, ते लिहिलेलं होतं. 'क्लच अजून सहा महिने चालेल, आत्ता नको.' 'मालकाला आवाज येतो म्हणे, मला आला नाही, पुन्हा बोलवलंय.' आणि अधूनमधून लाल पेनाने: 'माझी चूक. पट्टा उलटा बसला. पुन्हा केलं.' अशा लाल ओळी मी मोजून काढल्या आणि वही जप्त केली. आपल्या चुका आरोपीने आपल्याच हाताने लिहून ठेवल्या आहेत, यापेक्षा चांगला पुरावा कुठला, असं मला वाटलं. ज्या माणसाला आपली चूक लपवायची असते तो ती लाल पेनाने लिहीत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

ती सुचली माझ्या हाताखालच्या उपनिरीक्षक बाईंना. आणि इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

या बाई आमच्याकडे येऊन दीड वर्ष झालं होतं. या प्रकरणाआधीच्या पावसाळ्यात त्यांनी माजिवडा भागातल्या दुचाकी चोऱ्यांची एक टोळी पकडली होती. तो तपास आधी माझ्याकडे होता आणि माझ्याकडून काही निघालं नव्हतं. त्यानंतर उपायुक्तांच्या बैठकीत एक दिवस असं झालं की, साहेबांनी माझ्या हद्दीतल्या गुन्ह्याबद्दल प्रश्न विचारला, मी उत्तर द्यायला उभा राहिलो आणि साहेब म्हणाले, "तुम्ही बसा, मॅडमना सांगू द्या." तेवढंच. कुणी हसलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी बसलो. पण त्या दिवसापासून त्या बाईंनी केलेली प्रत्येक गोष्ट मला खुपायला लागली. त्यांचा नीटनेटका युनिफॉर्म खुपायचा, त्यांचं पंचनाम्यातलं शुद्ध मराठी खुपायचं. हवालदार त्यांना आपणहून चहा आणून द्यायचे, तेही खुपायचं. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस चहाच्या कपावर नजर ठेवून बसायचा.

गुरुवारी मी मिस्त्रीची चौकशी केली. तो खुर्चीत अगदी सरळ बसला होता. हाताला काळं होतं, धुऊनही न गेलेलं.

"रविवारी काम तूच केलंस?"

"हो साहेब."

"हेल्परने नाही?"

"ब्रेकचं काम मी दुसऱ्याला देत नाही."

"जोड आवळल्यावर तपासलास?"

"तपासला. चालवून पण बघितली. मालक शेजारी होते."

"मग सैल कसा झाला?"

त्याने तळहातावरचं काळं अंगठ्याने चोळलं. मी विचारलं, "तुझ्याकडून गाडी गेल्यावर दुसऱ्या कुणी तिला हात लावला?"

त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. "नाही साहेब. माझी चूक झाली असेल."

"असेल की झाली?"

"झाली," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "आजी कशा आहेत?"

बाहेर आल्यावर मी सहकाऱ्यांना म्हटलं, "कबूल झाला." उपनिरीक्षक बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, त्याने पाय गेलेल्या बाईंबद्दल विचारलं, पण आपल्याला जामीन कधी मिळेल हे नाही विचारलं." मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्याच दुपारी मी माजिवड्याला मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे माझे स्वतःचे मेकॅनिक. साठीच्या पुढचे, मूळचे साताऱ्याकडचे. हायवेजवळ त्यांचं जुनं गॅरेज होतं. पंधरा वर्षं माझी गाडी त्यांनीच सांभाळली होती, आणि आमच्या खात्यातल्या अर्ध्या लोकांना मीच त्यांच्याकडे पाठवलं होतं. मिस्त्री त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता, हे मला तपासात कळलं होतं. विशीत आला आणि नऊ वर्षं तिथे होता. म्हटलं, माणूस कसा आहे ते गुरूकडूनच ऐकावं.

मी त्यांना मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

"हलगर्जी आहे, साहेब," ते म्हणाले. "मी शिकवलं त्याला. सांगायला लाज वाटते. गर्दी वाढली की हात घाई करतो."

"वाईट वाटतंय ना?"

"पोरासारखा होता," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा त्यांच्या गॅरेजात एकच गाडी उभी होती, आणि तीही झाकून ठेवलेली. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

शुक्रवारी उपनिरीक्षक बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. हातात तो निनावी अर्ज होता.

"सर, एक विचारू? हा अर्ज मंगळवारचा आहे. शिक्का मंगळवारचा आहे."

"मग?"

"आरटीओनी गाडी तपासली बुधवारी. तोपर्यंत गाडी आपल्या आवारात ताडपत्रीखाली होती. जोड सैल आहे हे मंगळवारी आपल्यालाच माहीत नव्हतं. मग अर्ज लिहिणाऱ्याला कसं माहीत?"

मी म्हटलं, "ब्रेक फेल झाले म्हटल्यावर कुठलाही मेकॅनिक अंदाज करेल."

"ब्रेक फेल झाले एवढा करेल, सर. पण चार चाकांपैकी नेमकं पुढचं डावं?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते असं आहे. पुढच्या बैठकीत साहेब पुन्हा म्हणणार, मॅडमना सांगू द्या, हेच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "एवढं डोकं चालवू नका. आरोपीने कबूल केलंय. तुम्ही उद्या हॉस्पिटलमध्ये जा आणि मालकाच्या बायकोचा पुरवणी जबाब घेऊन या. मी कोर्टात जातो."

त्यांना मी वाटेतून दूर केलं होतं. शनिवारी मी कोर्टात उभा राहून मिस्त्रीची पोलीस कोठडी आणखी दोन दिवसांनी वाढवून घेतली. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची बायको डबा घेऊन उभी होती. तिने सांगितलं की गॅरेजच्या शटरवर कुणी तरी काळा रंग फासलाय आणि ज्या ग्रुपवर त्याचं नाव सुचवायचे तिथेच आता त्याचे फोटो फिरताहेत.

"साहेब, ते घरी आल्यावर कुणाच्या गाडीचं काय राहिलंय ते सांगत बसतात," ती म्हणाली. "जेवतानासुद्धा. तुम्ही विचारा ना त्यांना नीट. ते सांगत नाहीयेत काहीतरी."

उपनिरीक्षक बाईंसारखीच तीही मला पुन्हा विचार करायला सांगत होती. मी पुढे निघून गेलो.

दुपारी तीन वाजता उपनिरीक्षक बाई हॉस्पिटलमधून परतल्या आणि जबाब माझ्यासमोर ठेवला. मालकाच्या बायकोला त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की गॅरेजमधून गाडी मिळाल्यापासून अपघातापर्यंत ती कुठे कुठे गेली, दिवसावार सांगा. हा प्रश्न मी मालकाला विचारलाच नव्हता. बायकोने सांगितलेलं असं होतं:

"रविवारी काम झालं तेव्हा मिस्त्री म्हणाले, उद्या ठाण्याला जाताय ना, मग माजिवड्याला आमच्या मास्तरांना एकदा दाखवा. माझ्यावर विसंबू नका, जुनी गाडी आहे, त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मग लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिसला जाताना आम्ही थांबलेलो तिथे. मास्तर लय प्रेमाने बोलले. म्हणाले, तुम्ही समोर चहा घ्या, तोवर मी बघतो. आम्ही चहा घेऊन आलो तर म्हणाले, एकदम फर्स्ट क्लास, काही करायची गरज नाही."

मी तो जबाब दोनदा वाचला. पंधरा वर्षं मी माझ्या बायकामुलांना ज्यांच्या हातच्या गाडीत बसवत होतो, त्यांच्याबद्दलचा तो कागद होता.

"इतर दोन गाड्या?" मी विचारलं.

"फोन केला, सर. दोघांनाही मिस्त्रीने मास्तरांकडेच पाठवलं होतं."

रविवारी सकाळी मी मिस्त्रीला पुन्हा समोर बसवलं. या वेळी उपनिरीक्षक बाईंना शेजारी खुर्ची दिली. मी जबाब वाचून दाखवला. तो ऐकत राहिला आणि मग रडायला लागला. पाच दिवसांत पहिल्यांदाच रडला.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या वेळी नव्हतं, मॅडम. नट ढिले निघाले तेव्हा वाटलं माझंच चुकलं. वहीत लिहिलं पण तसं. ऑइलच्या वेळी शंका आली."

"तरी तिसरी गाडी पाठवलीस?"

"शंका येते म्हणून मास्तरांकडे पाठवायचं बंद करू? त्यांना कळलं असतं ना मला शंका आली ते." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "मला वाटलं, मी माणसं पाठवत राहिलो तर त्यांना बरं वाटेल. आधीसारखं होईल. अपघात झाला त्या संध्याकाळी मी त्यांनाच फोन केला, रडलो फोनवर. ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा कळलं."

"मग पाच दिवस इथे काय करत होतास?" मी जरा जोरात म्हणालो.

"त्यांचं नाव माझ्या तोंडून कसं घेऊ, साहेब? पाना कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं."

सोमवारी मास्तरांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मला नमस्कार केला. मी अर्ज दाखवला, त्यांनी ओळख दाखवली नाही. गाडी आली होती का, विचारलं. "रोज गाड्या येतात साहेब, कुठली म्हणून सांगू?" पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात त्यांच्या गॅरेजासमोर ती पांढरी गाडी अपघाताच्या आधीच्या सोमवारी सव्वानऊ वाजता उभी दिसत होती. ते दाखवलं. "बघितली असेल. पण हात लावला नाही." तासभर हेच चाललं. वयस्कर माणूस, त्यात माझ्या ओळखीचा. आवाज चढवून काही होणार नव्हतं, आणि माझा आवाज चढतही नव्हता.

मग मी काय केलं, ते मी ठरवून केलं नाही. मी फाइल मिटली आणि म्हणालो, "मास्तर, गेल्या वर्षी आमच्या मोठ्या साहेबांची बैठक होती. मला प्रश्न आला. मी उठलो बोलायला. साहेब म्हणाले, तुम्ही बसा, या मॅडमना सांगू द्या." उपनिरीक्षक बाई शेजारीच होत्या. त्यांच्याकडे मी बघितलं नाही. "तेव्हापासून मला यांचं तोंड बघवत नाही. यांचं काही चुकलं नाही. उलट या चुकत नाहीत, तेच सहन होत नाही. तुमच्या या प्रकरणात यांनी मला शुक्रवारीच खरं काय ते सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तुमचा माणूस दोन दिवस आधी सुटला असता."

मास्तर आपल्या हातांकडे बघत होते.

"तुम्हाला निदान बसा म्हणाले," ते शेवटी म्हणाले. "मला कुणी तेवढंही म्हणालं नाही."

नंतर त्यांना थांबवावं लागलं नाही.

"गिऱ्हाईक कमी झालं, त्याचं काही नाही, साहेब. माझं पोट भरलंय. पण येणारा माणूस दारातच विचारायचा, 'डोंबिवलीवाल्यांचे मास्तर तुम्हीच ना?' माझ्या गॅरेजच्या दारात! चाळीस वर्षं मी आवाजावरून इंजिन सांगतोय. आता माझी ओळख काय, तर त्याचा मास्तर. आणि तो, तो माणसं पाठवायचा माझ्याकडे. मास्तरांना दाखवा म्हणायचा. ती माणसं यायची आणि मी बघेपर्यंत त्याचंच कौतुक सांगायची. तो कसा जुना पार्ट काढून हातात देतो, कसा गरज नसलेलं काम सांगत नाही. अरे, ते मीच शिकवलं ना त्याला! मी हे सगळं ऐकत गाडीखाली पडलेला असायचो."

"म्हणून जोड ढिला केलात?"

"अर्धा आटा. फक्त अर्धा आटा, साहेब. वाटलं, ब्रेक जरा नरम लागेल, तो माणूस परत जाईल आणि त्याला शिव्या देईल. कुणीतरी एकदा त्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. पाय जाईल असं..." त्यांनी तोंडावर हात घेतला. "ती बाई माझ्याच वयाची आहे ना?"

"अर्ज तुम्हीच लिहिलात?"

"डाव्या हाताने. तो फोनवर रडत होता. मी ऐकत होतो आणि मला, देवाशपथ सांगतो, मला बरं वाटत होतं."

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून पुढचं सगळं रीतसर करावं लागलं. त्यांच्या गॅरेजमधून एक जुना पाना जप्त केला, त्याच्या एका दाताचा टवका उडालेला होता, आणि जोडावरच्या ताज्या ओरखड्याशी तो जुळला. हस्ताक्षराचे नमुने डाव्या हाताने घेतले. कॅमेऱ्याचं चित्रण, तिन्ही गाडी मालकांचे जबाब, सगळं जोडलं. मिस्त्रीला आम्ही सोडून दिलं. जाताना त्याने माझे आभार मानले नाहीत. "तुम्ही शोधलं नसतं तर चाललं असतं," एवढंच म्हणाला. खटल्यात साक्ष द्यायला तो तयार नव्हता. शेवटी दिव्याच्या त्या आजींनीच त्याला घरी बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "बाबा, माझा पाय कुणी घेतला ते मला कोर्टात ऐकायचंय. तुझ्याकडून ऐकायचंय." मग तो उभा राहिला आणि खरं सांगितलं. साक्ष संपेपर्यंत मास्तर त्याच्याकडे बघत होते, तो मात्र न्यायाधीशांकडे बघत होता. मास्तरांना शिक्षा झाली.

गॅरेज पुन्हा उभं राहायला वर्ष लागलं. ग्रुपवर बदनामी पसरायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या कितीतरी पट. काही लोक परत आलेच नाहीत. जे आले त्यांना तो आता दुसऱ्या कुणाकडे दाखवायला सांगत नाही, असं मी ऐकलं. तुम्ही स्वतः गाडीखाली वाकून बघा म्हणतो, आणि हातात बॅटरी देतो.

या प्रकरणाआधी गुन्हा घडला की मी विचारायचो, यात फायदा कुणाचा? ते विचारायलाच हवं. पण त्यानंतरच्या नोकरीत मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: या गोष्टीसाठी लोक आधी कुणाकडे जायचे आणि आता जात नाहीत? असा माणूस बहुतेक वेळा चांगला असतो, जाणता असतो, आणि त्याचं कुणी काही वाईट केलेलं नसतं. त्यामुळे तो संशयितांच्या यादीत येतच नाही. कधी कधी तर तो तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीतही बसलेला असतो.

दोषारोपपत्र पाठवताना सोबत वरिष्ठांना एक अहवाल द्यावा लागतो. तपासाची दिशा कुणामुळे मिळाली, हे त्यात लिहायचं असतं. मी लिहायला बसलो. 'आवक शिक्क्याची तारीख व वाहन तपासणीची तारीख यांतील तफावत' इथपर्यंत आलो आणि पेन थांबला. 'माझ्या लक्षात आली' असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. बाई स्वतःहून बोलल्या नसत्या, त्यांचा स्वभावच तो नव्हता. केबिनचं दार लावून मी त्या अर्ध्या वाक्यासमोर बसून राहिलो. मला ते श्रेय हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. मग मी त्यांचं नाव आणि हुद्दा लिहिला, आणि त्यांनी वेळीच निदर्शनास आणूनही माझ्याकडून दुर्लक्ष झालं, हेही लिहिलं. सही केली आणि विचार बदलायच्या आत शिपायाला बोलावून लखोटा त्याच्या हातात दिला.

पुढे त्या बाईंचा सत्कार झाला. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला होता, असं मी इथे लिहू शकतो, पण ते खोटं ठरेल. मत्सर गेलेला नव्हता. तो तिथेच होता, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखा. मी फक्त टाळ्या थांबवल्या नाहीत.